वांग्यावरचा आरोप

१९०६ हे साल खानदेशच्या इतिहासात एका कारणाने ध्यानात ठेवले जाते. त्या वर्षी इंग्रज सरकारने अवाढव्य खानदेश जिल्ह्याचे दोन भाग केले. जळगावचा पूर्व खानदेश आणि धुळ्याचा पश्चिम खानदेश. पुढे त्यांची नावे बदलली, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळे झाले, ती हकीकत आपल्याला ठाऊक आहे. त्याच १९०६ च्या जुलै महिन्यात, इथून हजारो मैलांवर, क्लेमेन्स फॉन पिर्के नावाच्या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञाने म्युनिकच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात छोटासा लेख लिहिला आणि त्यात एक नवा शब्द घडवला. तो शब्द म्हणजे अ‍ॅलर्जी.

या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण शंभर वर्षांत पिर्केचा शब्द आपल्या गल्लीबोळांत पोचला. आज साक्रीच्या एसटी स्टँडवर उभी असलेली बाईही सहज सांगते, ‘मला वांग्याची अ‍ॅलर्जी आहे.’ शब्द नवा, पण तिच्या मनातली समजूत पिर्केच्या खापरपणजोबांहूनही जुनी आहे. जे पोटात जाते ते अंगावर उठते, ही ती समजूत. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, औषधे कधी दिली नाहीत. त्यामुळे आज मी या समजुतीचा इतिहासच सांगणार आहे. तो सांगताना वैद्यकाच्या अंगणात पाऊल पडणारच, त्याला इलाज नाही.

आमच्या लहानपणी अंगाला खाज सुटली की घरातल्या बायका आधी विचारायच्या, ‘काय खाल्लं?’ आणि उत्तराची वाट न पाहता शेजारची आजी सांगायची, ‘वांगं नको खाऊ रे भाऊ, आंगले खाज सुटी.’ अंगावर गांधी उठल्या तर त्याला ‘पित्त उठले’ म्हणायचे आणि आमसुलाचे पाणी चोळायचे. आता खानदेशात वांग्यावर आरोप करणे ही साधी गोष्ट नाही. बामणोदच्या वांग्याचे भरीत हे आमचे दैवत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. काट्यांवर भाजलेले, बडजीत कुटलेले, कांद्याच्या पातीचे भरीत आणि सोबत कळण्याची भाकरी, यापुढे आम्हाला पंचपक्वान्ने फिकी. तरीही खाज आली की पहिला आरोपी वांगेच.

याचे एक कारण धर्माचरणात आहे. चातुर्मासात कांदा आणि वांगे वर्ज्य. कांदेनवमीला ते शेवटचे खायचे आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगे पुन्हा सुरू करायचे. म्हणजे चार-पाच महिने जी वस्तू ताटात नव्हती, ती एका ठरावीक दिवशी भरपूर प्रमाणात ताटात येते. आता पाहा, चंपाषष्ठी येते केव्हा? नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरात. तापीकाठच्या आमच्या भागात तेव्हाच कोरडी थंडी सुरू होते. ओठ फुटतात, पायांना भेगा पडतात, आणि ज्यांना इसब आहे त्यांचे इसब नेमके याच हवेत उफाळते. आंघोळीचे पाणी कढत होते, साबण जास्त लागतो, त्याने कातडी आणखी कोरडी पडते. खाज वाढते आणि त्याच पंधरवड्यात घरात भरिताच्या पार्ट्या चालू असतात. थंडी कुणाला दिसत नाही, वांगे दिसते. हा माझा तर्क आहे, पण वांग्याच्या बदनामीत या योगायोगाचा मोठा वाटा असावा असे मला वाटते.

वांगे अगदीच निर्दोष आहे असेही नाही. त्यात हिस्टामिन हे द्रव्य बऱ्यापैकी असते, आणि शरीरात खाज निर्माण करणारे द्रव्यही हेच. त्यामुळे काही जणांच्या जिभेला, ओठांना वांगे खाल्ल्यावर चुणचुणते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी ७४१ जणांची पाहणी करून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरात साधारण नऊ जणांत वांग्याला काही ना काही प्रतिक्रिया आढळली. खरी अ‍ॅलर्जी म्हणावी अशी माणसे मात्र शंभरात एकाहूनही कमी निघाली.

वांग्याच्या पलीकडे या समजुतीचे मूळ शोधत गेले की आपण चरकसंहितेपाशी पोचतो. सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात विरुद्ध आहाराची चर्चा आहे. मासे आणि दूध एकत्र खाऊ नयेत, हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध नियम. विरुद्ध आहाराने होणाऱ्या विकारांच्या लांबलचक यादीत कुष्ठ आहे, किलास म्हणजे पांढरे डाग आहेत, विसर्प आहे. ‘मासे खाऊन दूध प्यायले की कोड फुटते’ हे वाक्य आपण घरोघरी ऐकतो, त्याचा उगम हा असा दोन हजार वर्षांमागे जातो.

पण ग्रंथ मुळातून वाचला की दोन गोष्टी दिसतात आणि त्या घरोघरच्या वाक्यात उतरलेल्या नाहीत. एक म्हणजे तिथे चक्क मतभेद नोंदवला आहे. भद्रकाप्य नावाचे ऋषी म्हणतात, चिलिचिम ही एक जात सोडली तर सगळे मासे दुधाबरोबर खायला हरकत नाही. आत्रेय ते मान्य करत नाहीत. म्हणजे तेव्हाच्या जाणकारांतही या नियमावर एकमत नव्हते, आणि संहिताकारांनी ते लपवलेही नाही. दुसरी गोष्ट अशी की ज्याची पचनशक्ती चांगली आहे, जो तरुण आहे, व्यायाम करतो, जो ती वस्तू थोड्या प्रमाणात खातो किंवा ज्याला ती सवयीने सात्म्य झाली आहे, त्याला विरुद्ध आहार बाधत नाही, असे त्याच अध्यायात पुढे म्हटले आहे. नियम सगळ्यांच्या तोंडी बसला, अपवाद पोथीतच राहिले.

आणखी एक घोटाळा शब्दाचा झाला. चरकाने कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले. त्यात विचर्चिका आहे, पामा आहे, दद्रू आहे. आजच्या भाषेत यातले बरेचसे इसब, खरूज, गजकर्ण अशा वर्गात पडतील. पुढे मराठीत ‘कुष्ठ’ म्हणजे महारोग एवढाच अर्थ उरला आणि कातडीवरच्या साध्या चट्ट्यालाही त्या शब्दाची भीती चिकटली. कोडाचे तर विचारूच नका. कोड हा आपल्याच रोगप्रतिकार यंत्रणेने रंगपेशींवर केलेला हल्ला आहे. मासे-दुधाने तो होतो याला कसलाही पुरावा मिळालेला नाही. बंगालात दह्यातले मासे पिढ्यान्‌पिढ्या शिजतात, युरोपात दुधाच्या सायीत शिजतात. तरीही आपल्याकडे मुलीच्या अंगावर डाग उठला की आधी तिच्या आईच्या स्वयंपाकघराची चौकशी होते आणि मग ठरलेले लग्न मोडते. आपल्यापैकी अनेकांनी अशी मोडलेली लग्ने पाहिली असतील.

आता थोडे सातपुड्याकडे वळू. कातडी आणि खाणे यांचे नाते किती गुंतागुंतीचे आहे, हे शिकवणारे झाड आपल्या दारातच आहे. बिब्बा! बिब्ब्याच्या टरफलातले काळे तेल अंगाला लागले की काही जणांना ते ‘उतते’. कातडी लाल होते, फोड येतात, पाणी सुटते. आणि हे लगेच होत नाही, एक-दोन दिवसांनी होते. काहींना मात्र काहीच होत नाही. त्याच बिब्ब्याच्या आतली गोडंबी आपण डिंकाच्या लाडवात घालून मिटक्या मारीत खातो. एकच फळ बाहेरून लागले तर जाळते आणि आतून खाल्ले तर पौष्टिक. परीट याच तेलाने कपड्यांवर खुणा करीत, म्हणून त्याचे इंग्रजी नाव खुणेचे फळ असे पडले. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर, कमरेवर विचित्र चट्टे उठू लागले. शोध घेतला तेव्हा ते परटाच्या खुणेखालीच उठत असल्याचे ध्यानात आले. अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात १९४३ साली त्यावर लेखही आला. कुणाला काय खाल्ले म्हणून विचारत बसले असते तर उत्तर सापडले नसते.

हा स्पर्शाने होणारा प्रकार तपासायची रीत १८९५ मध्ये योझेफ यादासोन या त्वचारोगतज्ज्ञाने मांडली. संशयित पदार्थाची पट्टी पाठीवर चिकटवायची आणि दोन दिवसांनी पाहायचे. यादासोन तेव्हा ब्रेस्लाऊ शहरात होता. आज ते शहर पोलंडमध्ये आहे आणि त्याला व्रोत्सुआफ म्हणतात.

अन्नाची अ‍ॅलर्जी सिद्ध करणारा प्रयोगही त्याच शहरात झाला, १९२१ साली. हाइन्झ क्यूस्टनर या डॉक्टरला शिजवलेला मासा चालत नसे. खाल्ला की खाज, गांधी, शिंका. त्याचा सहकारी कार्ल प्राउस्निट्स मासे मजेत खाई. प्राउस्निट्सने क्यूस्टनरच्या रक्तातला द्रव स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. थोड्याच वेळात तिथे गांधी उठली. क्यूस्टनरच्या रक्तात असे काहीतरी होते की ते दुसऱ्याच्या कातडीलाही मासा ‘ओळखायला’ शिकवू शकत होते. त्या ‘काहीतरी’चा छडा लागायला आणखी पंचेचाळीस वर्षे गेली. अमेरिकेत काम करणारे इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधले योहान्सन व बेनिख यांनी १९६० च्या दशकात ते प्रतिपिंड शोधून काढले. त्यालाच आज आयजीई म्हणतात. आपल्या गावच्या प्रयोगशाळेच्या अहवालात जी अक्षरे दिसतात, ती हीच.

प्रयोगात सिद्ध झाले, मग सगळ्या कातडीच्या दुखण्यांचा दोष अन्नावर ढकलायला वेळ लागला नाही. कॅलिफोर्नियाच्या अल्बर्ट रो यांनी १९३१ मध्ये अन्नाच्या अ‍ॅलर्जीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. एकेक पदार्थ ताटातून काढून टाकायची त्यांची आहारपद्धती जगभर गेली. काढलेला पदार्थ परत देऊन पाहायचे असते, हा तिचा दुसरा अर्धा भाग लोक विसरले. खरी कसोटी १९७० च्या दशकात आली. पदार्थ लपवून द्यायचा, देणाऱ्यालाही माहीत नको आणि खाणाऱ्यालाही. या कसोटीने पुष्कळ आरोपी सुटले, पण सगळे नाही. अमेरिकेत १९९८ साली मध्यम ते तीव्र इसब असलेल्या ६३ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ३७ टक्के मुलांना अन्नाची खरी अ‍ॅलर्जी होती, मुख्यतः दूध, अंडे अशा मोजक्या पदार्थांची. म्हणजे बालपणीच्या तीव्र इसबात अन्नाला वगळून चालत नाही. पण मोठ्या माणसाचे जुने इसब, सोरायसिस किंवा महिनोन्‌महिने रोज उठणाऱ्या गांधी, यांच्यामागे अन्नाची अ‍ॅलर्जी क्वचितच सापडते.

रक्ताची तपासणी करून उत्तर मिळत नाही का? इथे मला कर्नाटकात प्रौढांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीचे आकडे सांगावेसे वाटतात. रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध प्रतिपिंडे असलेली माणसे होती २६.५ टक्के. ते अन्न खाऊन प्रत्यक्ष त्रास होतो, असे संभवत होते १.२ टक्क्यांच्या बाबतीत. म्हणजे अहवालात नाव आले म्हणून ती वस्तू आयुष्यातून हद्दपार करणाऱ्यांपैकी बहुतेक जण विनाकारण उपाशी राहतात. शंभर-शंभर पदार्थांची छापील यादी घेऊन आईबाप डॉक्टरांच्या दारात उभे असतात, त्यांना हे आकडे कुणी सांगत नाही.

उपाशी राहतात हा शब्द मी जाणून वापरला. माझ्या एका आतेबहिणीला लहानपणी इसब होते. कोपरांच्या लवणीत, गुडघ्यांमागे. पथ्य म्हणून तिचे वांगे बंद झाले, मग शेंगदाणे, मग उडीद, म्हणजे कळण्याची भाकरीही गेली. पुढे गूळ, मसूर, आंबट, केळी आणि शेवटी दूध. केळीच्या बागांच्या यावल तालुक्यात राहून तिला केळे माहीत नव्हते. उरली ज्वारीची भाकरी आणि बिनफोडणीचे मुगाचे वरण. थंडीत मळ्यात भरिताची पार्टी व्हायची तेव्हा ती वेगळ्या ताटलीत तेच घेऊन बसायची. खाज गेली नाही. वजन मात्र गेले. तिची उंची तिच्या बहिणींइतकी कधीच झाली नाही. ज्या घरात आधीच दूध-डाळ मोजून मिळते, तिथे असे पथ्य किती महागात पडते याचा हिशेब कुठल्याच कागदावर येत नाही.

आता इतिहासाला मिळालेले अलीकडचे वळण सांगतो. मला ते सर्वांत विलक्षण वाटते. इतकी वर्षे प्रश्न असा होता की अन्नामुळे कातडी बिघडते का? २००३ मध्ये लंडनच्या गिडियन लॅक यांनी ब्रिटनमधल्या सुमारे चौदा हजार मुलांच्या नोंदींवरून प्रश्न उलटा केला. ज्या बाळांच्या इसबावर शेंगदाण्याचे तेल असलेली मलमे चोळली होती, त्यांच्यात पुढे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जास्त दिसली. शेंगदाणा तोंडावाटे जाण्याआधी फुटलेल्या कातडीतून शरीराला भेटला, आणि शरीराने त्याला शत्रू मानले, असा त्याचा अर्थ लावला गेला. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी येथील शास्त्रज्ञांनी दाखवले की इसबाच्या अनेक रुग्णांत फिलॅग्रिन या प्रथिनाचा वारसा सदोष असतो. हे प्रथिन कातडीच्या भिंतीचा गिलावा. तो निघाला की भिंतीतून बाहेरचे सगळे आत शिरते. म्हणजे पुष्कळदा आधी कातडी बिघडते आणि अन्नाची अ‍ॅलर्जी मागून येते.

भुईमुगाची गोष्ट निघाली की खानदेशी माणसाचे कान टवकारतात. तेलघाण्यांचा हा मुलूख. आजची विप्रो ही कंपनी १९४५ मध्ये अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणूनच जन्मली. आमच्या भाजीत कूट नसेल तर ती भाजीच नव्हे. पाश्चात्त्य देशांत मात्र शेंगदाण्याने मुले दगावत होती, म्हणून ब्रिटनने १९९८ मध्ये आणि अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी २००० मध्ये सल्ला दिला की धोक्यातल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. अ‍ॅलर्जी कमी झाली नाही. मग लॅक आणि सहकाऱ्यांनी इस्रायलमधल्या आणि ब्रिटनमधल्या ज्यू मुलांची तुलना केली. इस्रायलमध्ये बाळे लहानपणापासून शेंगदाण्याचे कुरकुरे चघळतात, आणि तिथे ही अ‍ॅलर्जी दहापट कमी होती. शेवटी तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६४० बाळांवर प्रयोग झाला. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना वर्ज्य. २०१५ मध्ये निकाल आला. पाचव्या वर्षी वर्ज्य गटात १७.२ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी, खाणाऱ्या गटात ३.२ टक्के. पथ्यानेच रोग वाढवला होता.

यावरून उद्या कुणी बाळाच्या तोंडात दाणे कोंबू नयेत. अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकतो. ज्या बाळाला तीव्र इसब आहे त्याला पहिला घास डॉक्टरांना विचारूनच द्यायचा. आणि खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत ओठ सुजले, गांधी उठल्या, उलट्या झाल्या, दम लागला, तर आमसूल शोधत न बसता दवाखाना गाठायचा. हीच खरी अ‍ॅलर्जी आणि ती जिवावर बेतू शकते.

त्या आतेबहिणीच्या नातीलाही इसब आहे. धुळ्याच्या डॉक्टरांनी लावायला मलम दिले, आंघोळीनंतर अंग ओले असतानाच कातडी मऊ ठेवणारे क्रीम चोळायला सांगितले, आणि खाण्याबद्दल एकच प्रश्न विचारला, ‘खाल्ल्यावर किती वेळाने खाज येते?’ घरात कुणालाच सांगता येईना. तेव्हापासून तिची आई भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवते, काय खाल्ले, किती वाजता, खाज केव्हा. मागच्या थंडीतल्या नोंदी मी पाहिल्या. भरिताच्या चार दिवसांपुढे काहीच लिहिलेले नाही. एका शनिवारच्या चौकोनात मात्र रात्री नऊची वेळ आहे आणि पुढे दोनच शब्द आहेत, ‘लोकरीचा स्वेटर’.